बैलाच्या नावाचं कुलूप

माझ्या सासरी दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. शहापूर सोडून सापगावच्या बाजूला वळलं की रस्त्याला लागूनच आमचं घर. त्या सगळ्या आळीत एक समजूत पक्की होती: दिवसाउजेडी ज्या घराचं दार लागलं, त्या घरात मयत झालंय नाहीतर मोठं भांडण. एकदा आम्ही सगळेच बाजाराला गेलो आणि सासूबाईंनी दार ओढून घेतलं, तर परत येईपर्यंत शेजारच्या बाया ओटीवर तोंडाला पदर लावून बसलेल्या. तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसले होते. पुढे मला या गोष्टीचं कधी हसू आलं नाही.

कारण ही पद्धत बाहेरच्या दारापुरती नव्हती. न्हाणीघर सोडलं तर घरातल्या एकाही खोलीला आतून कडी नव्हती. भाताच्या खोलीला होती, पण बाहेरून, मांजर शिरू नये म्हणून. लग्न होऊन आले तेव्हा मी नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "कशाला पायजे कडी? घरात परकं कोण हाय?" हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं की नंतर नंतर ते ऐकलं की माझी कानशिलं तापायची.

माझं माहेर मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याचं. आमच्याकडे तिन्हीसांजेला दार लागायचं, पण ते बिबट्या येतो म्हणून. माणसांसमोर दार लावायचं असतं हे मला माहेराने शिकवलं नव्हतं. ते शिकवलं ठाण्याच्या एका ऑफिसने. तिथे मी अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं कानाला यंत्र लावून ऐकायचे आणि टाइप करायचे. रोगी तपासला की तिकडचे डॉक्टर त्याची सगळी हकीकत बोलून ठेवतात. ते बोलणं इकडे यायचं, आम्ही ते कागदावर येईल असं करून परत पाठवायचो. कुणाचा स्तन काढलेला, कुणाला दारू सुटत नाही, कुणाच्या पोरीने गोळ्या खाल्लेल्या. पहिल्याच ओळीत रोग्याचं नाव असायचं. पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं होतं, "ही माणसं आपल्याला कधी भेटणार नाहीत. म्हणून जास्त सांभाळायचं." मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. बाई कडक, पण शब्दाची पक्की.

मुलगी झाली आणि माझं ठाण्याला जाणं बंद झालं. बंद झालं म्हणजे बंद करण्यात आलं. सासू म्हणाली तान्ही पोर, सासरे म्हणाले लोक काय म्हणतील, नवरा काहीच म्हणाला नाही. तो मुरबाडच्या कारखान्यात शिफ्टला जायचा आणि घरातल्या वादात त्याची नेहमी दुसरी शिफ्ट असायची. मी हार मानून राजीनामा द्यायला गेले, तर मॅडमनी तो घेतला नाही. म्हणाल्या, "घरी नेट घे. काम तिकडे पाठवते. पण ते नेट तुझ्याशिवाय कुणाला वापरता येता कामा नये, आणि फायली तुझ्याशिवाय कुणाला दिसता कामा नयेत. एकदा जरी गडबड झाली तरी काम थांबलं, मग मी मध्ये पडणार नाही." मला तेव्हा एवढंच कळत होतं की ठाणं गेलं, आता हे गेलं तर तिसरं काही मिळणार नाही. मग जन्मभर भाकऱ्या थापायच्या आणि शिकल्यासवरल्याचं काय झालं असं कुणी विचारलं की हसून दाखवायचं.

ही दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. फोन पुढच्या खोलीत आणि मला बसायला जागा मिळाली ती मागच्या भाताच्या खोलीत, कणग्यांच्या मधोमध. पुढून मागे वायर ओढली, ती उंदरांनी कुरतडली. नवी ओढली, तीही कुरतडली. शेवटी नवऱ्याने कल्याणहून बिनतारी पेटी आणली. पुढच्या खोलीत फोनशेजारी ठेवायची आणि मागे कणग्यांत बसून नेट चालवायचं. दुकानदाराने घरी येऊन पेटी लावून दिली आणि म्हणाला, पासवर्ड कशाला, खेड्यात कोण येतंय. मी म्हटलं, माझी नोकरी त्या पासवर्डवर आहे, मुकाट्याने टाका.

पण पासवर्ड टाकला नवऱ्याने. काय टाकू, असं त्याने मला विचारलं नाही. त्याने बापाला विचारलं. आणि सासऱ्यांनी क्षणाचाही विचार न करता बैलाचं नाव सांगितलं.

आमच्या सासऱ्यांचा शर्यतीचा बैल होता. तो जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण घरात त्याचा मान जिवंत माणसापेक्षा जास्त. मुरबाडपासून भिवंडीपर्यंत एक मैदान असं नव्हतं जिथे त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. ते नाव आमच्या दारावर लाल रंगात लिहिलेलं होतं. दिराच्या मोटरसायकलच्या मागे होतं. चुलत्यांच्या टेम्पोच्या काचेवर होतं. फोनच्या वर फळीवर शर्यतीत जिंकलेल्या ज्या ढाली मांडल्या होत्या त्या प्रत्येकीवर होतं, म्हणजे पेटीच्या बरोबर डोक्यावर. आळीतली पोरं धावायची शर्यत लावली की अजून त्याच नावाने ओरडायची. कुलूप लावलं आणि किल्ली दारावर रंगवून ठेवली, असा तो प्रकार. मी नवऱ्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "अगं, बाबांना बरं वाटलं. कोणाच्या डोक्यात येतंय?"

रस्त्यापलीकडे जमिनीच्या दलालाने पत्र्याची टपरी टाकून ऑफिस थाटलं होतं. हायवे जवळ, मुंबईची माणसं प्लॉट बघायला यायची, आणि हा त्यांना लॅपटॉपवर हिरवेगार नकाशे दाखवायचा. एक दिवस तो पेढे घेऊन आमच्या ओटीवर आला. मला बघून म्हणाला, "वयनी, तुमचं नेट एकदम फास्ट हाय हां!" मी विचारलं, पासवर्ड कुणी दिला. तो मनापासून हसला. "ईचारायचं काय त्यात? या घराचा पासवर्ड दुसरा काय असनार?"

त्याच आठवड्यात माझ्या फायली वेळेत जात नव्हत्या. इकडे मी मोठमोठे तुकडे टाइप करून बसायचे आणि तिकडे जाताना नेट गोगलगायीसारखं सरकायचं. मॅडमचा फोन आला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते मी तेव्हा घरबसल्या बघितलं, आणि कुत्रं वर पेढेही देऊन गेलं होतं.

मी पासवर्ड बदलला. कुणाच्या नावाचा नाही, कशाचा अर्थ लागणार नाही असा. नवऱ्याला सांगावाच लागला, कारण कधी पेटी बंद पडली तर तोच चालू करायचा. नवऱ्याने आपल्या भावाला सांगितला. माझा दीर कल्याणला इंजिनिअरिंग शिकत होता आणि सुट्टीच्या दिवशी ओटीवर मित्रांची फौज घेऊन बसायचा. दिराने खास मित्राला सांगितला. सासऱ्यांना दिराने कागदावर लिहून दिला आणि सासऱ्यांनी तो दलालाला दाखवला, का, तर तो तोंड पाडून आला होता. मी जाब विचारला तेव्हा प्रत्येकाने छातीवर हात ठेवून सांगितलं की त्याने कुणालाच सांगितला नाही. खरंच होतं ते. प्रत्येकाने फक्त आपल्याच माणसाला सांगितला होता.

सासऱ्यांशी मी पहिल्यांदा तेव्हा भांडले. ते ओटीवर सुतळी वळत बसले होते. म्हणाले, "पानी मागाया आलेल्याला आपन नाय म्हनतो का? हिरीतनं कोनी कळशी भरून नेली म्हनून हीर आटते का?"

"आटते, बाबा," मी म्हटलं. "आपल्या तालुक्यात धरणं आहेत. पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर येतो. आम्हाला न विचारता आमचं पाणी नेलं म्हणून तुम्हीच मोर्चाला जाता ना?"

सुतळी वळायची थांबली. मला वाटलं, पटलं. पण ते एवढंच म्हणाले, "ते येगळं." आणि पुन्हा सुतळी वळू लागले. का वेगळं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांना सांगावं लागेल असं त्या घरात कुणाला वाटलंही नाही.

मग मी तिसरा पासवर्ड टाकला आणि तो नवऱ्यालाही दिला नाही. पेटी बंद पडली तर मी बघेन, म्हटलं. घरात गुरकावणं झालं. दीर मित्रांसमोर म्हणाला, "आमच्या वयनीनं बँक उघडलीय." पण दलाल टपरीच्या दारात लॅपटॉप उंच धरून फिरताना दिसला आणि माझ्या फायली झपाझप जाऊ लागल्या. मला वाटलं, जिंकले.

त्या पेटीला दोन कुलपं असतात आणि दोन्ही बदलावी लागतात हे मला माहीत नव्हतं. एक नेटचं, ते मी बदललं होतं. दुसरं पेटीच्या आतलं, जिथे पहिल्या कुलपाची किल्ली लिहिलेली असते. ते कारखान्यातून येतं तसंच होतं, आणि ते सगळ्या पेट्यांना एकच असतं. दिराला माहीत होतं, तो तेच शिकत होता. सगळे जेवून लवंडले असताना तो पुढच्या खोलीत पेटीशी वायर जोडून बसला आणि माझा पासवर्ड वाचून घेतला. शिवाय लग्नाचे फोटो सगळ्यांना बघता यावेत म्हणून त्याने कधीतरी माझ्या कॉम्प्युटरमधल्या फायलींचं अर्धं कपाट सगळ्यांसाठी उघडं करून ठेवलं होतं. मला ते सांगितलं नव्हतं, कारण घरात परकं कोण होतं? कुंपणच शेत खातं म्हणतात, तसं ते होतं. मी दाराबाहेर पहारा देत होते आणि चोर घरात जेवायला बसला होता.

तो रविवार होता. सकाळी मी एक मोठी फाईल पुरी करत आणली होती. एक डॉक्टर होते, त्यांना बोलताना मध्येच खोकायची सवय, त्यांचा आवाज मी लाखात ओळखला असता. एका बाईचं मूल नवव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तिला ते कसं सांगितलं, ती काय म्हणाली, मग काय काय करावं लागलं, ते सगळं त्यांनी बोलून ठेवलं होतं. ऐकताना मी एक-दोनदा थांबले. माझी पोर शेजारी गोधडीवर झोपलेली होती. मग कानाचं यंत्र काढून ठेवलं आणि भाकऱ्या थापायला गेले.

पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि मला तो खोकला ऐकू आला.

मला आधी वाटलं, डोक्यातच घुमतोय. मग तो आवाज मोठ्याने बोलू लागला. ओटीवरून येत होता. दिराने त्याचे मोठे स्पीकर जोडले होते आणि त्या डॉक्टरचं बोलणं आळीभर ऐकू जात होतं. त्या बाईचं नाव, तिचं वय, तिचं मूल. मित्र पोट धरून हसत होते. एकजण खोकल्याची नक्कल करत होता, दुसरा नाकातून इंग्रजी बोलून दाखवत होता. सासरे कौतुकाने बघत बसले होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. शेजारीपाजारी रस्त्यात उभे राहून ऐकत होते, कारण दार उघडंच होतं.

मी पिठाच्या हातांनी बाहेर गेले. आयुष्यात एवढा राग मला आधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. मी ओरडले, "बंद कर!"

दीर म्हणाला, "वयनी, मजा चाललीय. कोन हाय हा म्हातारा?"

"काय बोलतोय तो, कळतंय का तुला? इंजिनिअर होणार ना तू? एका बाईचं मूल पोटात मेलंय. भरल्या दिवसांचं. ती डॉक्टरला सांगतेय की मला अजून लाथा जाणवतात. यावर हसताय तुम्ही. रस्त्यावरच्या माणसांना ऐकवताय!"

हसणं थांबलं, पण बोलणं चालूच राहिलं, कारण दिराला त्या गडबडीत बटण सापडेना. डॉक्टर खोकला आणि पुढे बोलू लागला. तेव्हा माझ्या मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांचं पहिलं मूल असंच गेलेलं. मला हे घरात कुणी सांगितलं नव्हतं, शेतात शेजारणीने सांगितलं होतं. जिथे कशालाच दार नव्हतं त्या घरात ही एक गोष्ट मात्र घट्ट बंद होती. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "बंद कर रं ते. वायर तोड." आणि त्या स्वतःच पुढे होऊन स्पीकरची वायर उपसून आत गेल्या.

मित्र चपला शोधू लागले. सासरे म्हणाले, "एवढं काय झालं गो ओरडायला? पोरांला काय म्हाईत? ती बाई कंची, आपन कंचे." मी मागे वळले. आत भाकरी जळून कोळसा झाली होती.

मी मॅडमना फोन केला. नवरा म्हणाला, कशाला सांगतेस, त्यांना कळणार थोडंच. मी म्हटलं, मला कळलंय ना. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "काम आजपासून थांबलं. तिकडे कळवावं लागेल. कशी पेटी बंद करायची, कुठली कुठली कुलपं बदलायची ते मी सांगते, तू कर. मग आमचा माणूस येऊन बघेल. त्याने हो म्हटलं तर बघू. नाही म्हटलं तर विषय संपला."

आवणीचे दिवस तोंडावर आले होते, भाताची रोपं उपटून दुसरीकडे लावायची घाई. काम थांबलं म्हटल्यावर घरात कुणाला वाईट वाटलं नाही. सासरे तर म्हणाले, "बरं झालं, आवनीला हात गावला." चिखलात वाकून रोपं लावताना मला ते वाक्य आठवायचं आणि मी रोप असं खुपसायचे की शेजारची बाई म्हणायची, "अगो, भात लावतंस का गाडतंस?" कष्टाला मी कधी लाजले नाही. माझे हात त्यांना गावले याचा त्यांना आनंद होता, आणि ते हात कुठून सुटून आले याचं त्यांना काहीच नव्हतं, याची चीड होती.

दुपारी शेतावरून आले की मी पेटीचं इंग्रजी पुस्तक आणि शब्दकोश घेऊन बसायचे. आतलं कुलूप आधी बदललं. नेटचं कुलूप बदललं, जुन्या पद्धतीचं काढून नव्या पक्क्या पद्धतीचं लावलं. पेटीला ज्या यंत्राची ओळख पटेल त्यालाच आत घ्यायचं, अशीही सोय असते. तिच्यात फक्त माझ्या कॉम्प्युटरची ओळख नोंदवली. दिराने उघडं ठेवलेलं कपाट बंद केलं. आणि पेटी पुढच्या खोलीतून उचलून भाताच्या खोलीत आणली. उंदरांनी फोनची वायर खाऊ नये म्हणून ती लोखंडी नळीतून ओढली. मग शहापूरहून एक कडी आणली आणि खोलीच्या दाराला आतून ठोकली. हातोड्याचे ठोके ऐकून सासरे आले, कडीकडे बघून निघून गेले. संध्याकाळी आळीत बोलणं सुरू झालं की सून वेगळी निघतेय.

ऑफिसचा माणूस आला तेव्हा पाऊस चालू होता. भिजलेला, चष्मा पुसत. त्याने पाय धुतले, माझ्या खोलीत बसला, त्याच्या लॅपटॉपवरून आत शिरायचे सगळे प्रयत्न केले. जमलं नाही. कॉम्प्युटर तपासला, पेटी तपासली, कडीसुद्धा लावून बघितली. तोंडावरून काही कळत नव्हतं. मग ओटीवर चहाला जाऊन बसला. सासऱ्यांनी आदराने विचारपूस केली, कुठलं गाव, काय घरदार. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "बाबा, जरा ऑफिसला निरोप पाठवायचाय. तुमचं नेट मिळेल का?"

सासऱ्यांनी तिथूनच हाक मारली, "अगो, पाव्हन्यांना तो पासवर्ड दे!"

मी दारात आले. नवरा होता, दीर होता, सासूबाई चहाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्या घरात पाहुण्याला कधी कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. आणि हा तर असा पाहुणा, ज्याच्या एका शब्दावर माझं सगळं अवलंबून होतं. त्याला दुखवलं तर? पण त्या स्पीकरमधून आलेलं त्या बाईचं नाव मला पुन्हा ऐकू आलं. मी म्हटलं, "नाही. देता येणार नाही."

सासरे उठून उभे राहिले. "माज्या घरात पाव्हन्याला नाय म्हनतंस?"

"हो," मी म्हटलं. "पाणी देते, चहा देते, जेवायला वाढते. हे नाही देणार."

त्या माणसाने कप खाली ठेवला आणि पहिल्यांदा हसला. "बाबा, रागावू नका. मला तेवढंच बघायचं होतं. पेट्या सगळेच बंद करतात, पण नाही म्हणता येत नाही कुणाला." आठवडाभराने काम परत सुरू झालं.

घरातलं काही सुरू झालं नाही. सासऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पाणी हवं असलं तरी माझ्या तान्ह्या पोरीकडे बघून म्हणायचे, तुझ्या आईला सांग. गावात मी पाहुण्याचा अपमान करणारी बाई झाले. दलाल तर सांगत सुटला की कोट्यवधीचं गुपित ठेवल्यासारखी वागते, आहे काय तर टायपिंग. ज्याने माझ्या फायलींत चोरपावलांनी शिरून एका बाईचं दुःख रस्त्यावर मांडलं, त्या दिराला कुणी एक शब्द बोललं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. फक्त सासूबाई अधूनमधून भाताच्या खोलीत यायच्या. बाहेर थांबून दार वाजवायच्या. मी कडी काढली की कणगीला टेकून नुसत्या बसायच्या आणि जाताना म्हणायच्या, "लाव गो."

तीन-चार वर्षांत दीर इंजिनिअर झाला, त्याला परदेशी कंपनीचं काम मिळालं आणि त्याने कल्याणला फ्लॅट घेतला. वास्तुशांत झाली. नंतर एका रविवारी आम्ही सगळे गेलो. तिथे पोचल्यावर आठवलं, मोबाईलवरून ऑफिसला एक निरोप पाठवायचा राहिला होता. मी दिराला म्हटलं, "भावजी, नेटचा पासवर्ड सांगा जरा."

तो जरा अवघडला. "वयनी, खरं सांगू का, ऑफिसचं असतं ते. दुसऱ्याला द्यायला परवानगी नाय."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा करतोय का, बघत होते. तो थट्टा करत नव्हता. त्याला काही आठवतही नव्हतं. तेवढ्यात सोफ्यावरून सासरे बोलले. इतक्या वर्षांनी थेट माझ्याशी बोलले.

"नको मागू गो त्याला. कामाचं हाय त्याचं. त्याची नोकरी जायची तुज्यापायी."

नवऱ्याने मान डोलावली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दिराला तेवढ्यात कंपनीकडून बोलावणं आलं, तो लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेला आणि त्याने आतून कडी लावली. माझी पोर हसत होती, काहीतरी सांगत होती. सासऱ्यांनी तिला जवळ घेतलं, तोंडावर बोट ठेवलं आणि आम्हा सगळ्यांना म्हणाले, "हळू बोला रे. आत काम चाललंय त्याचं."